कोरडा पट्टा

नाना, तुमच्या तेराव्याला मी पानावरून अर्धपोटी उठले. काकूंना वाटलं, पोरीला रडू आवरत नाही. दोन बायका पाण्याचा तांब्या घेऊन मागे आल्या, पाठीवरून हात फिरवला. त्यांना काय सांगणार? रडू नव्हतंच ते. बारा दिवस ज्या माणसासाठी डोळे सुजवले, तो तेराव्या दिवशी, पंगतीत जिलेबी फिरत असताना, खोटा निघाला होता.

त्याला आता आठवडा झाला. तुमच्या फोटोसमोर उभं राहून बोलणं काही जमत नाही, म्हणून लिहिते आहे. निदान लिहिताना तरी तुम्ही मध्येच "च्या टाक गं, परभणी" म्हणून विषय बदलू शकणार नाही.

परभणी हे माझं नाव तुम्हीच ठेवलेलं. हिंजवडीतल्या नोकरीसाठी जवळच्या रिहे गावात खोली शोधत आले, तुमच्या आणि काकूंच्या घराच्या स्लॅबवरच्या तीन खोल्यांपैकी जिन्यालगतची घेतली. तुम्ही गाव विचारलंत आणि नाव विचारायचं विसरलात. पुढे नाव कळलं तरी बदल केला नाहीत. "परभणीला पाऊस पडतोय का गं, का नुस्ता फोटूत बगता?" हा पहिला टोमणा. मी म्हटलं, नाना, माझं कामच पावसाचं आहे. घाटातल्या रेल्वेलाईनवर दरड सुटू शकते अशा जागी यंत्रं बसवायची. जमिनीत पाणी किती मुरलं, माती किती सरकली ते यंत्र सांगणार, म्हणजे गाडी अलीकडेच थांबवता येईल. तुम्ही ओट्यावर भाताचं बियाणं निवडत होतात. हात थांबले.

"कंच्या घाटात?"

मी सांगितलं. तुम्ही जे हसलात ते मला अजून ऐकू येतं.

"आख्खी नोकरी तितं काढली मी. पावसाळी पेट्रोलिंग. तुजी मशिनं आता आली, पोरी. आमी दोन पायांची मशिनं हुतो."

त्याच संध्याकाळी तुम्ही पत्र्याची ट्रंक उघडलीत. आत वह्या. सरकारी वही कचेरीत जमा व्हायची, पण तिची नक्कल तुम्ही दर पावसाळ्यात घरी उतरवून ठेवलेली. का, असं विचारलं तर म्हणालात, "उद्या कोन म्हनलं ह्यानं बगितलंच न्हाई, तर पुरावा पायजे." तेव्हा मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते ऑफिसात चार जणांना सांगितलं. आज आठवलं की कानशिलं तापतात.

पण वह्या सुंदर होत्या, नाना. रागातही हे कबूल करते. पाऊस किती, तर "पापणी उघडंना इतका" किंवा "डोकं भिजलं, खांदा न्हाई". कुठं काय दिसलं, तर "बोगद्याच्या तोंडाला डाव्या अंगानं बोटभर धार, गढूळ." "रुळाखालच्या मोरीत आंब्याची फांदी अडकली, काढली." "वरच्या कातळाला नवी चीर, हात जातोय." आमच्या कंपनीकडे आकाशातून काढलेली चित्रं होती, जुने अहवाल होते, पण डोंगराच्या अंगाला इतक्या जवळून हात लावून बघितलेलं कुणी नव्हतं. मी सुट्ट्या घालवून सगळ्या वह्या वाचल्या, प्रत्येक नोंद नकाशावर टाकली. आम्हाला यंत्रं मोजकीच मिळाली होती. ती कुठं बसवायची आणि कुठं नाही, हे त्या नकाशावरून ठरलं. ऑफिसात सगळे त्याला नानांचा नकाशा म्हणायला लागले. रिसेप्शनपाशी काचेच्या कपाटात तुमच्या वह्या ठेवायचं घाटत होतं. काकूंनी ते अख्ख्या आळीत सांगून टाकलं होतं.

तरी तुम्ही माझ्या यंत्रांवर खार खाऊनच. "जे भिजत न्हाई त्याला पावसाचं काय कळतंय?" मी म्हणायचे, नाना, ते माणसाला भिजावं लागू नये म्हणूनच आहे. मग तुमचं सुरू. लाईन पायानं बगायची असती. खुर्चीत बसून बगनाऱ्याच्या डोळ्यात फूल पडतंय. एकदा तर माझ्या लॅपटॉपवर चहाची बशी ठेवून म्हणालात, "आता सांग, बशी गरम हाय का गार?" काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला त्या दिवशी खरंच लाज वाटली आणि मी ठरवलं की यापुढे स्वतः पाहिल्याशिवाय काही लिहायचं नाही. तुमच्या शब्दावर एवढा विश्वास मी माझ्या वडिलांच्या शब्दावरही ठेवला नसेल. ते बिचारे परभणीत बसून अजून विचारतात, तुझे ते नाना काय म्हणतात?

आता कोरड्या पट्ट्याचं बोलू.

तुमच्या हद्दीचं शेवटचं टोक, छोट्या बोगद्याच्या पलीकडे, किलोमीटरच्या दगडापर्यंतचा तुकडा. बाकी सगळीकडे नोंदी ऐसपैस, पण या तुकड्यात गंमत होती. हलका पाऊस असला की तुम्ही लिहायचात, "दोन जागी पाझर, माती भुसभुशीत." आणि पापणी उघडंना इतका पाऊस असला की एकच ओळ. "पानी न्हाई. दगड न्हाई. आलराईट." वर्षानुवर्षं तीच.

रिमझिमीत ओला आणि मुसळधारेत कोरडा! रिह्यातल्या कुठल्याही भातवाल्यानं हे ऐकून मला वेड्यात काढलं असतं. मी मात्र शिकलेली. मी त्यावर दोन पानांचं टिपण लिहिलं, की पाण्याचा जोर वाढला की ते कातळातल्या खोल भेगेतून दुसरीकडे वळत असावं. ऑफिसातल्या सरांनी मान डोलावली. नकाशावर त्या तुकड्याला मीच नाव दिलं, कोरडा पट्टा. तिथं यंत्र बसवलं नाही.

तुम्हाला विचारलं नव्हतं असंही नाही. वही पुढ्यात धरून विचारलं होतं, "नाना, असं कसं?" तुम्ही वहीकडे बघितलं नाहीत. "डोंगराचं काय सांगावं? त्येची मर्जी." आणि चहा.

एप्रिलमध्ये परवानगी काढून मी तुम्हाला लाईनवर नेलं. किती वर्षांनी गेला होतात. बोगद्यापर्यंत तुम्ही मला पळवलंत, ही मोरी, ही चीर, हितं एकदा आख्खं झाड आलं हुतं. बोगद्याच्या तोंडाशी मात्र गुडघा धरून बसलात. "पुढं काय न्हाई. कोरडंय समदं. चल माघारी." मी मागे फिरले. तुमच्या गुडघ्याला रात्रभर शेक दिला काकूंनी आणि मी स्वतःला शिव्या घातल्या, की म्हाताऱ्या माणसाला कशाला ओढून नेलं.

त्यानंतर संध्याकाळी जिन्यावर तुमची पावलं वाजायला लागली. चारदोन दिवसांनी एकदा तरी. सहासात पायऱ्या वाजायच्या आणि थांबायच्या. मी आतून ओरडायचे, "काय नाना?"

"काय न्हाई. टाकी बगतोय, भरली का."

"भरली, नाना!"

"मग आलराईट." आणि पावलं खाली.

एकदा भाताची रोपं टाकताना तुम्ही मध्येच विचारलंत, "तुजी ती मशिनं किती उरल्यात?" मी म्हटलं, एकही नाही, सगळी बसली. तुम्ही बियाण्याची मूठ परत पाटीत सोडलीत. मग म्हणालात, "एखादं उरलं आस्तं तर बरं झालं आस्तं." मला वाटलं, शेतात लावायला हवं असेल तुम्हाला. मी हसले. त्यानंतर पंधरा दिवसांत तुम्ही रोपांना पाणी दाखवून आलात, ओट्यावर बसलात आणि तिथंच संपलात.

तेराव्याला शंकरराव आले होते. पलीकडच्या हद्दीवर गस्त घालणारे, तुमचे जोडीदार. बाहेर पाऊस, वर ताडपत्री वाजतेय, पंगत बसलेली. तुमच्या आठवणी निघाल्या आणि त्यांनी मोठ्या प्रेमानं ही गोष्ट सांगितली. जशी तुमची एखादी मर्दुमकी सांगावी तशी.

"लई डोकं नानाचं. नियम आसा, की दोगांनी आपापल्या चौकीतनं चालत यायचं, मधल्या दगडापाशी भेटायचं आन् वह्या बदलायच्या. त्याची वही माज्याकडं, माजी त्याच्याकडं. म्हंजे सायबाला कळतंय, दोगं बी चालल्यात. पर धुवाधार लागला की बोगद्याच्या पुढं कोन जातंय? घाट चढताना गाडीला मागनं रेटायला जादा इंजिन लागतंय, त्ये दिवसभर वरखाली. नाना म्हनला, आपली वही जाऊ दे की इंजिनावरनं. त्यानं खाली धाडायची, मी वर धाडायची. वही चालायची इंजिनानं आन् आमी चौकीत चुलीम्होरं!"

पंगत हसली. जिलेबी वाढणारासुद्धा थांबून हसला.

मी विचारलं, "आणि लाईन? लाईन कोण बघायचं?"

"इंजिन आलं की न्हाई धडधडत? मग लाईन आलराईटच की!"

इंजिन आलं म्हणजे त्या क्षणापुरते रूळ जागेवर आहेत. वरचा डोंगर पुढच्या घटकेला काय करणार, ते इंजिनाला काय ठाऊक? हे मला तुम्हीच शिकवलं होतं ना? रूळ बगू नको, वर बग. मी शंकररावांना विचारलं, "त्या पट्ट्यात कधी दगडबिगड आलाच नाही का?"

"आला न्हाई? मग नानाचा खांदा कशानं गेला?"

तुमचा डावा खांदा. उजव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेला. मला सांगितलं होतंत, भाताची पोती वाहून गेला. मी त्या खांद्याला कितीदा तेल लावून दिलं.

"मग लिहिलं का नाही वहीत?"

शंकरराव आता हसत नव्हते. "लिवलं आस्तं तर सायबानं आमाला तितंच उभं केलं आस्तं. पावसाळाभर, दरडीखाली. लेकरं ल्हान हुती, बाई."

मी पानावरून उठले ती तेव्हा.

तुम्ही घाबरलात, यात मला काही वावगं वाटत नाही. दगडाखालून वाचलेला माणूस पुन्हा तिथं जात नाही, कोणीच जाणार नाही. तुम्ही साहेबाला फसवलंत, तेही सोडा, साहेब तुमचा आणि हिशोब तुमचा. पण मला का? माझ्या हाती कुठं होतं तुम्हाला दरडीखाली उभं करणं? एक वाक्य, नाना. परभणी, तेवढं सोडून बाकी सगळं खरं आहे. एवढंच म्हणायचं होतं. मी तुमच्यावर डाफरले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि तिथं यंत्र बसवलं असतं.

त्याऐवजी आता मला तुमची प्रत्येक गोष्ट उलटीपालटी करून बघावी लागते. चीर खरी होती का? आंब्याची फांदी खरी होती का? झाडाचा पहिला आंबा काकूंना न देता माझ्यासाठी ठेवलात म्हणालात, तो खरंच पहिला होता का? आळीत सगळ्यांना सांगायचात, ही भाडेकरू न्हाई, घरातली पोर हाय. तेही आलराईटच होतं का, नाना?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि घाटात त्या पट्ट्याखालून गाड्या जात होत्या, माणसं भरलेल्या, माझ्या नकाशाच्या भरवशावर. सरांसमोर उभी राहिले आणि सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "मग बाकीच्या नोंदी?" मी म्हटलं, माहीत नाही. माझं दोन पानांचं टिपण त्यांनी माझ्यासमोर फाईलमधून काढून ठेवलं. रेल्वेला दुरुस्तीचं पत्र लिहायचं होतं. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, माहितीचा स्रोत विश्वासार्ह नाही. मी ते तीनदा टाईप केलं आणि तीनदा पुसलं. शेवटी लिहिलं, "मुसळधार पावसात हा पट्टा कोणीही पाहिलेला नाही." सरांनी वाचलं आणि तसंच जाऊ दिलं.

मग मी लाईनवर गेले. हातात छत्री नाही, रेनकोट आणि बूट, सोबत आत्ताचा गस्तवाला. त्याच्या गळ्यात एक डबी लटकत होती, तो कुठं आहे ते कचेरीत दाखवणारी. मी तुमच्या इंजिनाची गोष्ट सांगितली तर म्हणाला, "आता जमायचं न्हाई, मॅडम. डबी इंजिनात दिली तर आपिसात म्हनतील, गडी चालतोय का उडतोय?" मला हसू आलं. तुमच्यामुळं आलेलं हसू होतं ते, आणि त्याचाही राग आला.

बोगद्याच्या तोंडाला, डाव्या अंगानं, धार होती. बोटभर. गढूळ. मी तिच्याखाली बोट धरून उभी राहिले. मोरी तुम्ही लिहिली तिथंच होती, चीर होती, त्यात हातही जात होता. जिथं जिथं तुम्ही गेला होतात तिथलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

बोगद्याच्या पलीकडे कोरड्या पट्ट्यात माझे बूट घोट्यापर्यंत भरले. चार जागी लाल पाणी डोंगरातून उसळत होतं. रुळापासून हातभर अंतरावर घागरीएवढा दगड पडलेला, त्याची फुटलेली बाजू अजून ताजी. गस्तवाल्यानं शिट्टी तोंडात धरली आणि म्हणाला, "मॅडम, हितं थांबू नका." मी थांबले नाही. चालत होते ती सगळा वेळ वर बघत, आणि दगड कधी येईल, दगड कधी येईल, याशिवाय डोक्यात काही नव्हतं. तुमचा खांदा तिथं मला कळला. पंधरा मिनिटांची वाट होती. तुम्हाला ती सगळ्या नोकरीत संपली नाही.

आता तिथं दुसरीकडची दोन यंत्रं काढून बसवायचं ठरलंय. ती बसेपर्यंत जोराच्या पावसात गाड्या सावकाश सोडतात आणि माणूस पहाऱ्याला असतो. तुम्हाला ज्याची भीती होती तेच काम आता दुसरा कुणीतरी करतो आहे. त्याला वरून पत्र्याची शेड दिली आहे, एवढंच.

काकूंना सांगणं राहिलं होतं. काचेच्या कपाटाचं त्या रोज विचारायच्या. परवा मी त्यांच्याजवळ चुलीपाशी बसले आणि म्हटलं, काकू, वह्या ऑफिसात नाही ठेवणार. त्या भाकरी थापत होत्या. थापतच राहिल्या.

"ठावं हाय मला. त्या खांद्याला हळद मीच लावली हुती." मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाल्या, "तुला सांगायला पायजे म्हनून कितीदा तरी निघाले आसतील घरातनं. आर्ध्या जिन्यातनं माघारी यायचे. मी म्हनायचे, सांगितलं का? म्हनायचे, पोरगी कामात हाय."

मी कामात नव्हते, नाना. बऱ्याचदा नुसती लोळत असायचे. तुमचा आवाज आला, आलराईट ऐकलं, की मी कूस बदलायचे. तुम्ही इंजिनाची धडधड ऐकून केलंत तेच मी तुमचा आवाज ऐकून केलं. माझ्या पलंगापासून दारापर्यंत चार पावलं आहेत.

पण म्हणून मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. चार पावलं माझी होती, उरलेल्या पायऱ्या तुमच्या होत्या. पायानं बघायला मला तुम्ही शिकवत होतात, मी तुम्हाला नाही. मी रागावलेली आहे आणि बराच काळ राहीन. तुमच्या खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तुमच्याबद्दल चांगलंच बोलते, पण फोटोकडे बघत नाही.

काल संध्याकाळी टाकी खरंच भरून वाहायला लागली. मी कॉक बंद करून आले आणि जिना उतरता उतरता तुम्ही थांबायचात त्या पायरीवर बसले. तिथून माझं दार दिसतं. आतला दिवासुद्धा दिसतो. किती वेळ बसले कोण जाणे. खालून काकूंनी हाक मारली.

"काय गं परभणी, आलराईट ना?"

मी म्हटलं, "नाही, काकू. वर या."

गुडघ्यांवर हात टेकत, एकेका पायरीवर थांबत, काकू वर आल्या.